भाचीला बीडीएसला घालावं का, आणि मुळात आपल्याकडे दातांची सरकारी सोय अशी का?

खडीसाखर

मंडळी, भाचीला नीटमध्ये मार्क असे पडलेत की सरकारी एमबीबीएस तर नाहीच, प्रायव्हेटचा आकडा ऐकून दाजी दोन दिवस बोललेच नाहीत कुणाशी, बीडीएस मात्र आरामात मिळतंय. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते डॉक्टर तो डॉक्टरच, दाजी म्हणतात आपल्या चौकात आधीच चार डेंटिस्ट माश्या मारत बसलेत, पाचवी ही. त्यात आमचे एक काका, त्यांनी असं ठोकून दिलं की दातांचं खातं इंग्रजांपासूनच सावत्र आहे, रेल्वे आणली, टपाल आणलं, देवीची लस आणली, पण दात म्हणजे ज्याचे त्याने बघावे, आणि आपण तेच पुढे चालवलं त्यामुळे या लाईनला भविष्य नाही.

आता भविष्याचं जाऊ द्या पण हे इतिहासाचं खरं आहे का? मी शोधलं तर सगळीकडे सुरुवातीला सुश्रुत, मग डायरेक्ट लेझर आणि इम्प्लांट, मधली दोनशे वर्षं गायब. तेव्हा लोक करायचे काय, कॉलेज कधी आलं, आणि एवढे डेंटिस्ट असताना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलं की दाढ वाचवत का नाहीत, काढूनच का टाकतात? पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यात काही बदलेल का? जाणकारांनी लिहा, लांबलं तरी चालेल.

बखरबहाद्दर

काका बरेचसे बरोबर आहेत. इंग्रजांनी मेडिकल कॉलेजं काढली ती बघा, कलकत्ता आणि मद्रास १८३५, मुंबईचं ग्रँट १८४५. दातांचं पहिलं कॉलेज कधी? १९२०. म्हणजे पंच्याऐंशी वर्षांनी, आणि तेही सरकारने काढलेलं नाहीच. डॉ. रफीउद्दीन अहमद म्हणून एक बंगाली गृहस्थ, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ ला डेंटिस्ट होऊन आले आणि कलकत्त्यात स्वतःच्या जिवावर कॉलेज सुरू केलं. पैसा कुठून आणला हे भारी आहे, त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं दुकान काढलं आणि त्याच्या कमाईतून कॉलेज चालवलं! गोड खाऊ घालून दातांचं कॉलेज, याला म्हणतात दूरदृष्टी 😀

पुढे १९२५ ला त्यांनीच दातांचं नियतकालिक काढलं, बंगालमध्ये १९३९ ला डेंटिस्टांसाठी प्रांतापुरता कायदा झाला त्यातही त्यांचा हात होता, आणि १९४९ ला अख्खं कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं. आज ते त्यांच्याच नावाने आहे. २४ डिसेंबर हा त्यांचा वाढदिवस, तो आपल्याकडे डेंटिस्ट दिन म्हणून पाळतात. १९६४ ला पद्मभूषण मिळालं. या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला आजवर कळलेलं नाही.

एक गंमत, याच कॉलेजात शिकून १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना काढणारी बाई म्हणजे फातिमा जिना. हो, त्याच जिनांची बहीण. तेव्हा बाईने दातांचा दवाखाना टाकणं म्हणजे केवढी गोष्ट असेल बघा. आणि मुंबईत नायर हॉस्पिटलला दातांचं शिक्षण सुरू झालं १९३३ ला, तेही नगरपालिकेच्या हॉस्पिटलात, म्हणजे परत दिल्लीच्या सरकारचा संबंध नाही. सरकारला दात आठवले ते युद्धात, १९४१ ला सैन्यासाठी डेंटल कोअर, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं दल, उभी केली कारण दाढ ठणकत असलेला शिपाई लढत नाही.

बाकी प्रजेचं म्हणाल तर देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ ला हिशोब मांडला, शिकलेले डेंटिस्ट अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण १०००, लोकसंख्या तीस कोटी, म्हणजे तीन लाख माणसांमागे एक. बाकीचे कुठे जात? वैदू, न्हावी, बाजाराच्या दिवशी चादर पसरून कवळ्या मांडून बसणारा. आणि चिनी डेंटिस्ट! चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांचा हा पिढीजात धंदा, कलकत्त्यात तर त्यांची वस्तीच होती, तिथून गावोगाव पसरले. जुन्या लोकांना विचारा, बऱ्याच शहरात असायचा एक चिनी दातवाला आणि हात हलका म्हणून नाव असायचं त्याचं.

उलटतपासणी

बखरबहाद्दर, माहिती झकास पण सगळं बिल इंग्रजांच्या नावावर फाडू नका राव. खुद्द इंग्लंडात काय होतं? १८७८ ला डेंटिस्टांचा पहिला कायदा झाला पण त्यात पळवाट अशी की डिग्री नसलेला माणूस पाटी लावून खुशाल दात काढू शकत होता, फक्त स्वतःला डेंटिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. ते बंद झालं १९२१ ला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांचे शेकडो सैनिक दातांपायी निकामी झाले तेव्हा कुठे त्यांना जाग आली आणि त्यांच्या स्वतःच्या सैन्याची डेंटल कोअरसुद्धा १९२१ चीच. जे घरात नव्हतं ते वसाहतीत कुठून आणणार?

आणि १९२१ च्या त्या कायद्यात वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्या बिनडिग्रीवाल्यांनाही रजिस्टरमध्ये घेतलं होतं. आपण १९४८ चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट केला त्यात हेच केलं, भाग अ म्हणजे डिग्रीवाले आणि भाग ब म्हणजे ज्यांचं पाच वर्षं तरी याच धंद्यावर पोट आहे ते. तुमचे चिनी डेंटिस्ट आणि बाकीचे अनुभवी लोक यातूनच कायदेशीर झाले. वाईट नव्हती ती सोय, हजार डिग्रीवाल्यांच्या भरवशावर देश सोडता आला नसता.

माझ्या मते खरी मेख १९४८ सालातच आहे. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडात एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठी सरकारी खर्चाची आरोग्यसेवा, सुरू झालं, दात फुकट, कवळी फुकट, लोकांनी अशा रांगा लावल्या की १९५१ ला कवळीला पैसे घ्यायची वेळ आली सरकारवर. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आपला कायदा झाला. त्यांनी ठरवलं पैसे कोण देणार, आपण ठरवलं डेंटिस्ट कोण म्हणवणार. पैसे कोण देणार हा प्रश्न आपण तेव्हा उघडलाच नाही आणि अजून उघडलेला नाही. त्याला इंग्रज जबाबदार नाहीत, आपणच आहोत. अर्थात एनएचएसचीही आता दातांच्या बाबतीत बोंब आहे, तिकडे लोकांना डेंटिस्ट मिळत नाही म्हणून ओरड चालू असते, त्यामुळे त्यांचं सगळं सोनं असंही नाही.

जाता जाता, सुश्रुताच्याही आधीचं पाहिजे असेल तर बलुचिस्तानातलं मेहरगढ बघा, साधारण साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली आहेत, २००६ ला जाहीर झालं ते. भूल नाही काही नाही. विचार करूनच माझी दाढ शिवशिवते.

चुलीपुढची

तुम्ही सगळे डॉक्टर कॉलेज करताय, दात किडायला लागले कशाने ते पण बघा की. चहा आणि साखर घरोघर गेली ती इंग्रजांच्याच काळात, १९३२ ला साखर धंद्याला संरक्षण दिलं मग कारखाने धडाधड निघाले, चहावाल्या बोर्डाचे लोक गावोगावी फुकट चहा पाजत फिरायचे. म्हणजे कीड आधी पोचली आणि डॉक्टर पन्नास वर्षांनी. आमच्या आजीच्या पिढीत दात घासायला राखुंडी, कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, कुणाकडे माकडछाप काळी पावडर. आणि मिश्री! दातांना मिश्री लावणारी आजी प्रत्येक घरात होती आणि ती दात साफ करायला म्हणून लावायची, तंबाखू म्हणून नाही. कुणी सांगितलंच नाही त्यांना. अजूनही खेड्यात बघा.

उलटतपासणी

@चुलीपुढची साखरेचं पटतं, पण जुन्या लोकांचे दात मोत्यासारखे होते असं कुणी म्हणालं की मी हात वर करतो. पायोरियाने, म्हणजे हिरड्यांच्या दुखण्याने, हलून हलून पडायचे, चाळिशीत बोळकं व्हायचं. किडायचे कमी, पडायचे जास्त.

दाढदुरुस्ती

तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस आहे, त्याआधी काही वर्षं कंत्राटावर सरकारी दवाखान्यात होतो, त्यामुळे "काढूनच का टाकतात" याचं उत्तर मी देऊ शकतो.

दाढ काढायला काय लागतं, भुलीचं इंजेक्शन, चिमटा, कापूस, दहा-पंधरा मिनिटं. रूट कॅनलला चालू खुर्ची पाहिजे, कॉम्प्रेसर पाहिजे, एक्सरे पाहिजे, मुळाची नळी साफ करायच्या बारीक सुया पाहिजेत, आणि पेशंट दोन-तीनदा यायला पाहिजे, वर कॅप बसवायला लॅब पाहिजे. खुर्ची बिघडली की पत्र वरती जातं आणि मेकॅनिक कधी येईल ते देव जाणे, मटेरियल संपलं की पुढची खरेदी होईपर्यंत हातावर हात. आणि पेशंट? तो बाजाराच्या दिवशी येतो, एसटीने, रात्रभर ठणकून डोळे लाल झालेले, एका दिवसाचा रोज बुडवून. त्याला मी सांगितलं की दाढ वाचते पण परत दोनदा ये, तर म्हणतो डॉक्टर उपटून मोकळं करा. प्रायव्हेटमध्ये रूट कॅनल आणि कॅप मिळून पाच ते दहा हजाराला जातं, तेवढ्यात त्याचा महिना निघतो. मग काढतो आम्ही. एका पेशंटची एकेक करून सगळी खालची दाढ लाईन मी काढलेली आहे आणि प्रत्येक वेळी ती वाचण्यासारखी होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तर डेंटिस्ट सहसा नसतोच, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला असला तर असतो. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसीत अपघात सोडून दातांचं काही येत नाही. सरकारी योजनांत जबड्याचं ऑपरेशन येतं पण साधी दाढ भरणं येत नाही, म्हणजे प्रकरण जबड्यापर्यंत जाऊ द्या मग बघू. उलटतपासणी म्हणाले ते शंभर टक्के, पैसे कोण देणार हे ठरलेलंच नाही.

उलट डॉक्टर मात्र बक्कळ बनवले. ऐंशीच्या दशकापासून खासगी कॉलेजं भराभर निघाली, कर्नाटकात आणि आपल्या महाराष्ट्रात तर रांगच लागली, आज देशात तीनशेच्या वर कॉलेजं आहेत आणि वर्षाला पंचवीस हजाराहून जास्त सीटा. हजार डेंटिस्टांवरून इथवर आलो आपण, एका आयुष्यात! पण ते सगळे शहरात, एकेका रस्त्यावर पाच पाच पाट्या. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून जास्त पोरांचे दात किडलेले निघाले होते. म्हणजे पेशंट भरपूर आहेत, डॉक्टर भरपूर आहेत, दोघांची गाठ पडत नाही.

आणि गुटखा. २०१२ ला महाराष्ट्रात बंदी आली, माझ्या खुर्चीवर मात्र बंदी दिसत नाही. विशी-बाविशीची पोरं येतात, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, तिखट लागलं की आग. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात याला, तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं. या आजाराची नोंद आधी १९५२ ला केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये झाली आणि १९५३ ला इथे डॉ. जोशींनी केली, म्हणजे सत्तर वर्षं माहीत आहे सुपारीचं काय होतं ते. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. एवढ्या लवकर पकडता येणारा कॅन्सर आपण उशिरा पकडतो कारण तोंडात बघायला कुणी नाही.

पिनांगकर

नोकरीमुळे मलेशियात आहे, म्हणून दुसऱ्या एका इंग्रजी वसाहतीचं सांगतो. न्यूझीलंडने १९२१ ला वेलिंग्टनमध्ये शाळेत जाऊन पोरांचे दात बघणाऱ्या डेंटल नर्स तयार करायला सुरुवात केली, डॉक्टर नाहीत, दोन वर्षं शिकवलेल्या मुली. साधं भरणं, दुधाचा दात काढणं, घासायला शिकवणं एवढंच काम. तेच मॉडेल १९४९ ला इथे मलायात पिनांगला आलं, तेव्हा इंग्रजच होते. नंतर स्वतंत्र झाल्यावर यांनी ते मोडलं नाही, उलट वाढवलं. आजही शाळेत दातांची तपासणी ही इथल्या पोरांना नेहमीची गोष्ट वाटते, खुर्चीला घाबरत नाहीत. इंग्रज तेच, निघून जाण्यातही दहाच वर्षांचं अंतर, पण इथे खालून सुरुवात झाली आणि आपण वरून, म्हणजे आधी डिग्री.

आपल्याकडेही असे लोक तयार करायला काय हरकत आहे?

दाढदुरुस्ती

@पिनांगकर हरकत मी सांगतो. १९४८ च्या कायद्यात डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारे मदतनीस, आहेतच की, कागदावर. पण आज बीडीएस झालेली पोरं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये दहा-पंधरा हजारावर राबतायत, काही जण मेडिकल कोडिंगला गेले, काही बँकेच्या परीक्षा देतायत. एवढे रिकामे असताना अजून एक खालची फळी कशाला? मलायात तेव्हा डॉक्टर नव्हते म्हणून नर्स आणल्या. आपल्याकडे आहेत ना, मग यांनाच शाळेत पाठवा, पगार द्या.

पिनांगकर

डॉक, पाठवा की, माझी ना नाही. पण सरकार पाच वर्षं शिकलेल्या माणसाला दुधाचे दात बघायला पूर्ण पगार देईल असं तुम्हाला खरंच वाटतं? पंच्याहत्तर वर्षांत दिला नाही.

दाढदुरुस्ती

दिला नाही हे खरंय.

निळीखडू

पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत एमडीएस करतेय, माझे दोन पैसे. भविष्य म्हटलं की सगळे थ्रीडी प्रिंटिंग, स्कॅनर, अलायनर, एआय एक्सरे वाचणार वगैरे सांगतात, ते शहरात येतंच आहे, त्याला कुणी अडवत नाही. पण खेड्यासाठी ज्या दोन गोष्टींनी फरक पडेल त्या अगदी साध्या आहेत. एक म्हणजे ड्रिल न वापरता हाताच्या हत्याराने किडलेला भाग खरवडून काढायचा आणि वर ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. ही पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली, तीही जुनी वसाहतच, आणि का सुरू झाली तर खेड्यात वीज नव्हती आणि खुर्ची नव्हती. दुसरं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थेंबभर औषध किडलेल्या जागी लावायचं, कीड बऱ्याचदा थांबते. तोटा एवढाच की ती जागा काळी पडते, पुढच्या दाताला आईबाप नको म्हणतात, दाढेला चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ला फ्लोराइड पेस्ट, हे औषध आणि हे सिमेंट तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. यातलं काहीही आशावर्करने पाठवलेल्या पोराला आरोग्य केंद्रात टेबलावर झोपवून करता येतं, कॉम्प्रेसर बिघडायचा प्रश्नच नाही.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, आता आरोग्य केंद्रांच्या कामात तोंडाची तपासणीही घातली आहे. कागद वाईट नाही. माणूस आणि सामान पोचणं बाकी आहे, आणि दाढदुरुस्तीसर म्हणतात ते खरं आहे की पोस्टच भरत नाहीत.

एक राहिलंच, फ्लोराइड सगळीकडे कमी आहे असंही नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यातच जास्त आहे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि लोक घासून घासून हिरड्या सोलून घेतात. तिथे दुखणं बोअरच्या पाण्यात आहे, त्यावर पाणीपुरवठा खात्याने काम करायचंय, डेंटिस्टने नाही.

खडीसाखर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. १९४८ चं एनएचएस आणि आपला कायदा एकाच वर्षी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले मला माहीत होतं 🙄 आता सरळ विचारते, भाचीला घालायचं का नाही? आणि तो २०२३ चा नवीन कायदा काय आहे, त्याने काही फरक पडेल का?

दाढदुरुस्ती

नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा, जुन्या डेंटल कौन्सिलच्या जागी. शेवटच्या वर्षाला देशभर एकच एक्झिट परीक्षा त्यात आहे. ती लागू झाली की नुसत्या फीवर चालणाऱ्या कॉलेजांची पोल उघडी पडेल अशी मला आशा आहे, बाकी सरकारी पोस्ट त्याने वाढणार नाहीत.

भाचीचं म्हणाल तर ताई, तिला हाताचं बारीक काम आवडतं का ते आधी बघा, रांगोळी, शिवण, घड्याळ उघडून बसणं असं काही. नुसतं एमबीबीएस हुकलं म्हणून येत असेल तर पाच वर्षं रडेल. आवडत असेल तर सरकारी मिळतंय का बघा, मुंबई, नागपूर, संभाजीनगर किंवा नायर, तिथे पेशंट ढिगाने येतात आणि हात तयार होतो. प्रायव्हेटच घ्यायचं झालं तर कॉलेजची बिल्डिंग आणि एसी बघू नका. आधी न सांगता एखाद्या साध्या सोमवारी सकाळी अकराला त्यांच्या ओपीडीत जाऊन बसा आणि किती खुर्च्यांवर खरे पेशंट आहेत ते मोजा. निम्म्याहून जास्त रिकाम्या दिसल्या तर तिथे फी भरू नका, कितीही सवलत दिली तरी.

खडीसाखर

हे बेस्ट आहे. दाजींना पाठवते सोमवारी, त्यांची एक दाढ तशीही दुखतेय.